गालात धरलेला हिरडा

माझी थोरली खो-खो खेळायला लागली तेव्हा दहा वर्षांची होती. एवढ्या पोरीला एकटीला मैदानावर कसं पाठवायचं, म्हणून मी तिच्याबरोबर जाऊ लागले. ते जाणं पंधरा वर्षं चाललं. ती खेळायची आणि मी कडेला पाण्याच्या पिंपाजवळ बसायची. खेळातलं मला काही कळत नव्हतं. पण पंधरा वर्षं एका जागी बसलं की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात, आणि त्यातल्या काही खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसतात. त्यांचं लक्ष पुढं पळणाऱ्या गड्याकडं असतं ना.

हे मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. चारचौघांत मला बोलता येत नाही. शाळा चौथीत सुटली, पण लिहिता बरं येतं, म्हणून लिहिते आहे. वही थोरलीचीच आहे, मागची पानं कोरी होती.

तिच्या संघाला दोन सर होते. एक मोठे सर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणि दुसरे छोटे सर, त्यांचे सहायक. गंमत अशी की छोटे सर वयानं मोठ्या सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. पेपरात फोटो यायचा तो मोठ्या सरांचा. छोटे सर फोटोत असले तरी कडेला, अर्धे कापलेले. पहाटे येऊन दोरी लावून मैदान आखणं, चुन्याची फक्की मारणं, पोरींची नखं बघणं, बाटल्या भरणं ही त्यांची कामं. मोठे सर बोलायचे तेव्हा पोरी गोल करून ऐकायच्या. छोटे सर बोललेच तर पोरी बुटाची नाडी बांधत ऐकायच्या.

ते आणि मी पिंपाच्या दोन बाजूंना बसायचो. पंधरा वर्षांत आमचं बोलणं किती झालं असेल? “ताई, पाणी संपलं बघा,” एवढंच बहुतेक. पण ते काय करतात ते मला दिसत होतं.

थोरली चांगली निघाली. महाराष्ट्राच्या संघातून खेळली. गल्लीत तिच्या नावाचा फलक लागला तेव्हा शेजारच्या तेलुगू आजीनं मला बाहेर बोलावून पेढा भरवला, आणि मी लाजून पेढा हातातच धरून घरात आले. मग एका सामन्यात खांबाशी वळताना तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, पण आता खेळ नको.

त्यानंतरचं वर्ष मला आठवायला नको वाटतं. ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. जेवायला हाक मारली की उठायची, जेवायची, परत भिंतीकडं. मैदान घरापासून दहा मिनिटांवर, पण ती त्या रस्त्यानं जायची नाही. बाजारात जायचं तर लांबचा वळसा घ्यायची. मी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जाते. तिथं बसून माझं एकच चालायचं, घरी गेल्यावर ती कुठल्या अंगावर वळलेली असेल.

अशात एका आठवड्यात दोन बोलावणी आली. मोठ्या सरांनी फोन केला, “माझ्याकडं सहायक म्हणून ये. छोटे सर आता थांबायचं म्हणतात. दोन-तीन वर्षं माझ्याबरोबर काढ, मग पुढचं बघू.” आणि अकलूजजवळच्या एका शाळेनं विचारलं, आमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या संघाला मुख्य प्रशिक्षक म्हणून येता का? एक वर्ष बघू, मग कायमचं करू.

घरात बोलणं सुरू झालं ते जेवणाच्या ताटावर. हे चिंचोळी एमआयडीसीत सूतगिरणीत कामाला आहेत, नुकतेच आले होते.

“सहायक?” हे म्हणाले. “महाराष्ट्राकडनं खेळलेल्या पोरीनं बाटल्या भरायच्या व्हय?”

“बाटल्याच नाही हो बाबा, फक्की पण मारायची,” थोरली म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदा चेष्टेनं काही बोलली.

“मग झालं तर! मारुतीच्या देवळात शेंदूर लावायला ठेवा म्हणावं.”

“मला खेळ येतो ना? मग येतो तो शिकवायचा. मधे तीन वर्षं बॅगा उचलून काय शिकणार मी?”

“अगदी बरोबर. तू काय म्हणतीस?” ह्यांनी मला विचारलं.

मला म्हणायचं होतं की सरांकडं जा. आमच्या कारखान्यात एक विणकर होता, मागावर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मालकानं त्याला एकदम मुकादम केलं. दुसऱ्याचा हात हळू चालला की त्याला बघवायचं नाही. तो त्या माणसाला बाजूला सारायचा आणि स्वतः मागावर बसायचा. एक माग जोरात चालायचा आणि बाकीचे सगळे त्याच्याकडं बघत बसायचे. सहा महिन्यांत तो परत मागावर गेला, पण मान खाली घालून, आणि पुढं कुणाशी नीट बोलला नाही. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण ती चेष्टा करत होती, ताटातली भाकरी संपवत होती. मी म्हणाले, “तुम्हाला बरं वाटंल तसं.”

ती अकलूजला गेली.

तीन महिने ठीक चाललं. फोनवर आवाज मोकळा होता. पोरी तिला मॅडम म्हणत, तिनंच तसं सांगितलं होतं. मग नातेपुत्याला स्पर्धा ठरली. शाळेला पोरींच्या स्वयंपाकाला एक बाई हवी होती. थोरली म्हणाली, “आई येईल.” तीन दिवसांची सुट्टी टाकून मी गेले. संघांची राहायची सोय एका शाळेच्या वर्गांत होती. बाकं भिंतीला लावली, सतरंज्या टाकल्या, बाहेर व्हरांड्यात माझी शेगडी.

पहिला सामना सकाळी. मी पिंपाजवळ जाऊन बसले, सवयीनं.

खो-खो ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठ पोरी एका ओळीत बसतात, एक सोडून एक उलट्या तोंडानं. नववी पळते आणि समोरच्या संघातल्या पोरीला पकडू बघते. दमली किंवा अंतर पडलं की बसलेलीच्या पाठीवर थाप मारून “खो” म्हणते, मग ती बसलेली उठून पळते. थाप बसायच्या आधी कुणी उठलं तर शिट्टी. तेवढ्यात समोरची पोरगी निसटून जाते.

सामना सुरू झाला आणि थोरली रेघेच्या बाहेर उभी राहिली. उभी कसली, तिचे पायच राहत नव्हते. समोरच्या संघातली एक पोरगी मधल्या चौकोनाजवळ आली, अगदी हाताशी, आणि थोरली ओरडली, “खो!”

मधली बारकी पोरगी ताडकन उठली. तिच्या पाठीला कुणी हात लावलाच नव्हता. पंचांनी शिट्टी मारली.

मला वाटलं, झालं एकदा, होतं. पण पाच मिनिटांत तसंच परत झालं. पंधरा वर्षं तिच्या तोंडातून संधी दिसली की खो निघत होता, तो आता बाहेर उभं राहिल्यावर कसा थांबणार? आणि पोरी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. मॅडमचा आवाज आला की उठायचं, हे तिनंच त्यांच्या अंगात मुरवलं होतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पंच तिच्याजवळ आले आणि ताकीद देऊन गेले. मैदानाच्या भिंतीवर गावातली रिकामी माणसं बसली होती.

“ओ मॅडम, खेळायचंच आसंल तर बूट घाला की!” एकजण ओरडला.

“खो पोरी देत्यात का मास्तरीण देतीया, एकदा ठरवा!” दुसरा म्हणाला, आणि सगळी भिंत हसली.

मग आमच्या पोरींची पळायची पाळी आली. पळणाऱ्या पोरी तीन-तीनच्या तुकडीनं आत जातात. एक तुकडी बाद झाली की पुढची लगेच आत पाहिजे, उशीर झाला तर आत जायच्या आधीच बाद. थोरली सगळी वर्षं पहिल्या तुकडीत पळाली. मागच्या तुकड्यांना कोण उभं करतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिसऱ्या तुकडीतली एकजण माझ्याजवळ पाणी पीत होती. मला कळत होतं की आता हिनं उठायला पाहिजे. माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी कोण? मी स्वयंपाकाची बाई. शिट्टी वाजली आणि ती पोरगी हातात पेला असतानाच बाद झाली.

सामना गेला. बारकी पोरगी रडत रडत म्हणाली, “मॅडम, तुमीच म्हणाला की खो.” थोरलीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तोही ठेवल्यासारखा नाही.

दुपारी पोरी जेवून झाडाखाली गेल्या. मी वर्गात डोकावले. थोरली सतरंजीवर पडली होती, भिंतीकडं तोंड करून.

तीच पाठ, तसाच वर घेतलेला गुडघा. सामना काय, गटातले अजून दोन राहिले होते. शाळेनं तिला पुढं ठेवलं नसतं तरी चाललं असतं. पण ही जर परत त्या खाटेवर गेली तर तिथून तिला उठवायला आता कुणाचं बोलावणं येणार होतं? शेगडीवर रात्रीच्या रश्शासाठी कांदा टाकलेला तसाच सोडून मी तिच्याजवळ जाऊन बसले. जे वर्षानुवर्षं माहीत होतं तेच तोंडातून आलं.

“मोठे सर पण ओरडायचे.”

भिंतीकडंच बघत ती म्हणाली, “मोठे सर? सामन्यात एक अक्षर बोलायचे नाहीत ते.”

“त्यांच्या गालात हिरडा असायचा.”

“माहितेय. त्यांना खोकला होता.”

“खोकला नव्हता त्यांना,” मी म्हणाले.

ती वळली. भिंत सोडून माझ्याकडं वळली. “मग?”

मग मी सांगितलं. तिचं पहिलं किंवा दुसरं वर्ष असेल. सामन्याच्या आधी छोटे सर खिशातून हिरडा काढून मोठ्या सरांच्या हातावर ठेवायचे, आणि मोठे सर मुकाट्यानं गालात धरायचे. मला वाटलं प्रसाद असेल. एकदा हिरडा खाली पडला, मी तो उचलून दिला, तेव्हा छोटे सर हळूच म्हणाले, “सर पण गडीच होता की, ताई. तोंड मोकळं राहिलं तर खो बाहेर पडतोय. तुरट लागलं की गप बसतोय.”

थोरली उठून बसली. “आणि आम्ही मोठ्या सरांना हिरडेसर म्हणायचो,” ती म्हणाली. मग हसली. मग डोळे पुसले. मग म्हणाली, “अजून काय करायचे छोटे सर?”

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. पहिली तुकडी पळत असताना ते दुसरीच्या मागं उभे राहायचे आणि बोटानं खांदा टोचायचे. जिच्या घरी काही बिनसलंय तिला त्या दिवशी मधल्या चौकोनात बसवायला सरांना खुणवायचे, कारण मधे दोन्हीकडून मैत्रिणी असतात. पोरगी बाद होऊन आली की तिला लगेच पाणी द्यायचे नाहीत, आधी टॉवेल द्यायचे, म्हणजे तिला तोंड झाकून रडता येतं.

“ते मुद्दाम होतं?” तिनं विचारलं. “मला वाटायचं ह्यांना एवढं पण सुचत नाही, पाणी द्यायचं.”

“मुद्दामच होतं.”

कांदा पार करपला होता. व्हरांड्यातून एक पोरगी ओरडली, “मॅडम, तुमच्या आई काय जाळत्यात की!”

संध्याकाळी मी एकटी नातेपुत्याच्या बाजारात गेले आणि काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मागितला. दुकानदार म्हणाला, “कितीचा?” मी म्हणाले, “सामन्यापुरता.” त्याला काही कळलं नाही, पण चार हिरडे पुडीत बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाताना थोरलीनं तळहात पुढं केला. मी हिरडा ठेवला. तिनं गालात धरला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, “आई, तिसरी तुकडी उभी करायचं काम तुझं.”

“माझं?”

“तूच बघितलंयस ना.”

त्या सामन्यात तिचा गाल सारखा हलत होता. ह्या वेळी ती माझ्याजवळ पिंपाशीच बसली होती, संधी दिसली की माझा दंड धरायची. दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले, ते आठवडाभर राहिले. एकदा समोरची पोरगी अगदी मधल्या चौकोनाशी आली. बारकीनं मान वळवून मॅडमकडं बघितलं. मॅडमचं तोंड बंद. बारकी बसून राहिली. मग पाठीवर थाप पडली, खो आला, आणि ती अशी सुटली की दोन पावलांत तिनं गडी बाद केला. आणि आमची पळायची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, तिसऱ्या तुकडीच्या मागं गेले आणि म्हणाले, “उठा गं पोरींनो.” आवाज बारीकच निघाला. पण पोरी उठल्या.

तो सामना जिंकलो. पुढचाही. उपांत्य फेरीत हरलो, आणि ज्यांच्याशी हरलो ते खरंच आमच्यापेक्षा चांगले खेळले. भिंतीवरचा तोच माणूस जाताना म्हणाला, “मॅडम, आज तोंडात काय धरलं हुतं? आमच्या घरच्यांस्नी पण पाहिजे.” थोरलीनं उरलेला एक हिरडा त्याच्या हातावर ठेवला. त्यावर त्याच्या बाजूची सगळी माणसं त्यालाच हसत सुटली.

शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी तिला काही बोल लावला नाही. पण थोरलीनं त्याच संध्याकाळी छोट्या सरांना फोन लावला. मी शेजारी भांडी घासत होते.

“सर, मला तुमची सहायक व्हायचंय,” ती म्हणाली.

फोनचा आवाज मोठा होता. “तू मुख्य हायस, मी घरी बसल्याला म्हातारा. कोण कुणाचा सहायक व्हायचं?”

“ते तुम्हीच सांगा.”

“रविवारी येतो,” ते म्हणाले. “एसटीनं. फक्की आणून ठेव.”

ते आले. पहिल्या रविवारी त्यांनी तिला काही शिकवलं नाही, नुसती दोरी हातात दिली आणि मैदान आखायला सांगितलं. तिची रेघ वाकडी आली. त्यांनी पायानं पुसली. परत वाकडी आली. परत पुसली. ती वैतागली तेव्हा म्हणाले, “पंधरा वर्षं ह्या रेघांवरनं पळालीस. एकदा तरी वाकून बघितलीस का?” हे तिनंच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना हसत होती. आता रविवारी सकाळी लहान पोरींचा वर्ग छोटे सर घेतात आणि ती त्यांच्या हाताखाली असते. संध्याकाळी मोठ्या पोरींची ती मुख्य असते आणि छोटे सर पिंपाजवळ बसतात. पोरी आता तिला ताई म्हणतात. शाळेनं तिला कायम केलं आहे.

खेळणाऱ्यानं सहायक न होता थेट मुख्य व्हावं का? हे अजून म्हणतात, “माझंच बरोबर होतं.” मी तेव्हा मनात नको म्हणत होते. आता वाटतं, ती सरांकडं बाटल्या भरायला गेली नसती. तेव्हा तिला खाटेवरून उठवलं ते त्या मोठ्या बोलावण्यानंच. मी भिऊन अडवलं असतं तर ती तिथंच राहिली असती. पण वाकायचं काम कुणाला चुकत नाही. आधी नाही केलं तर नंतर करावं लागतं, आणि नंतर ते सगळ्या गावासमोर करावं लागतं, एवढाच फरक. तेव्हा शेजारी कुणी हिरडा देणारं असलं म्हणजे झालं.

मागच्या आठवड्यात ती दोन दिवस घरी आली होती. चपलांना फक्की लागलेली, उंबऱ्यापर्यंत पांढरे ठसे. मी पुसत नव्हते, तेव्हा तीच म्हणाली, “आई, पूस की गं.” रात्री ती खाली माझ्या शेजारी अंथरूण टाकून झोपली, कारण पुढच्या खोलीत आता खाट नाही. ती मी गच्चीवर नेली आहे. तिच्यावर शेंगा वाळत घातल्या आहेत.